दोनशे वीस विटा

‘ती घटना आजही आठवते’ असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. आठवण आपोआप येते आणि आपोआप जाते. हे प्रकरण मी हट्टाने लक्षात ठेवलं आहे, कारण ते सगळ्यांनी लवकर विसरावं अशी काही माणसांची फार इच्छा होती.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. माझे पूर्वज जुन्या म्हैसूर संस्थानाच्या घोडदळात होते. घोडे गेले, संस्थान गेलं, मराठी राहिली, तीही अर्धी कन्नड होऊन. माझी लिहिण्याची मराठी सुधारली ती बायकोमुळे, ती सांगलीची. या लेखातल्या भाषेच्या चुका काढायचा हक्क फक्त तिला आहे. मजकुरातल्या चुका ज्यांना काढायच्या असतील त्यांनी कोर्टाचे कागद मागवून घ्यावेत.

म्हैसूर शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. बोगादीकडे नवी घरं इतक्या वेगाने उठत होती की आमच्या बीटवरच्या शिपायाला गल्ल्या पुन्हा पुन्हा पाठ कराव्या लागत. घरं आली की इंटरनेट आलं, इंटरनेट आलं की रस्ता खणणं आलं. एका मंगळवारी भर दुपारी ठाण्यात फोन आला. रस्त्याच्या कडेने फायबरचा पाइप टाकण्याचं काम चालू होतं. जमिनीखालून आडवं भोक पाडत जाणारं एक मशीन असतं, ते विजेच्या मोठ्या केबलमध्ये घुसलं होतं. मशीन चालवणारा माणूस जागच्या जागी गेला.

तो रायचूरकडचा, तिशीतला. मी पोहोचलो तेव्हा लाइन बंद केलेली होती. त्याची बायको कामगारांच्या शेडमधून धावत आली होती. ती रडत नव्हती. तिने मला एकच प्रश्न विचारला, “इथं मशीन का लावलं?” मी म्हटलं, तपास करतो. पोलीस नेहमी हेच म्हणतो. पण पुढच्या आठ दिवसांत मला भेटलेल्या सगळ्या शहाण्या माणसांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नाही.

बुधवारी सकाळी हजेरी चालू असतानाच कंत्राटदार कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर ठाण्यात हजर झाला. आम्ही बोलावलं नव्हतं. पुण्याकडून नुकताच बदलून आलेला, बोलण्यात साखर. माझ्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव वाचलं आणि तो खुलला.

“साहेब, तुम्ही मराठी, मग प्रश्नच मिटला. आपल्या माणसाशी मोकळं बोलता येतं.”

त्याच्या हातात फाइल होती. त्याचं म्हणणं सोपं होतं. असं काम घेण्याआधी कंपनीची एस्टिमेटर खर्चाचा अंदाज तयार करते. कुठे किती मीटर खणायचं, माती कशी आहे, मशीन लागेल की माणसं, पाइप किती, दिवस किती, हे सगळं ती लिहिते आणि तिच्या कागदाप्रमाणे साइटवर काम होतं. या एस्टिमेटर बाईंनी त्या जागी विजेची केबल आहे हे लिहिलंच नाही. त्याने चौथं पान उघडून दाखवलं. पूर्ण रस्त्यावर मशीन, अडथळे काही नाहीत. शेवटच्या पानावर बाईंची सही आणि कंपनीचा शिक्का.

“बाई चांगल्या आहेत हो, पण घरच्या काळज्या असतात, लक्ष नसतं,” तो म्हणाला. दुसऱ्याबद्दल तक्रार करताना जो माणूस आधी त्याचं कौतुक करतो, त्याच्याकडे मी जरा नीट बघतो. पण कागद कागद होता, आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी मला त्याचं म्हणणं पटलं.

त्याच संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता कोणीतरी बोलला की ती बाई उद्या पुण्याला पळून जाणार आहे. गाडी कुठली, डबा कुठला, बर्थ कितवा, सगळं सांगितलं. तीस वर्षांत मला शेकडो खबरा मिळाल्या. खबऱ्या जागा सांगतो, माणूस सांगतो, फार तर वेळ सांगतो. बर्थचा नंबर सांगणारा खबऱ्या मी तो पहिलाच पाहिला.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा नियम आहे. गुरुवारी सकाळी महिला शिपाई बरोबर घेऊन मी अग्रहार या जुन्या वस्तीत गेलो. जुनं, लांबट घर. घराणं एके काळी कापड रंगवणाऱ्यांचं, घरात मराठी, हे मला आधीच कळलं होतं. चाळिशीच्या पुढची बाई आणि तिची म्हातारी आई समोर सूप घेऊन अवरेकाई, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत बसल्या होत्या. पळून जाणारं माणूस दोन किलो शेंगा सोलत बसत नाही.

मी मराठीत सुरुवात केली. तिने हात पुसले आणि मला मध्येच थांबवलं.

“मराठी बेड सर. नको. कन्नडातच विचारा. उद्या म्हणतील, आपल्यातली म्हणून सोडली.”

मला राग आला. इन्स्पेक्टरला भाषा शिकवणारी ही कोण? पण शब्द बरोबर होता, म्हणून पुढची सगळी चौकशी कन्नडात झाली. इथे मी ती मराठीत देतो आहे.

पुण्याच्या तिकिटाचं विचारलं. तिने फोन पुढे केला. तिकीट कंपनीने काढलं होतं, अपघाताच्या संध्याकाळी, ‘तातडीचं ट्रेनिंग’ म्हणून. तिने मागितलं नव्हतं, जाणारही नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चोराने दुसऱ्याच्या अंगणात दिवा लावून ठेवला होता.

मग मी चौथ्या पानाची झेरॉक्स तिच्यापुढे ठेवली. तेवढं एकच पान मी नेलं होतं. ही माझी चूक, आणि ती मी लपवणार नाही. तिने ते वाचलं आणि बाजूला सरकवलं.

“हे मी लिहिलेलं नाही.”

“तुमची सही आहे शेवटी.”

“शेवटी आहे. या पानावर कुठे आहे?”

“मग तुम्ही काय लिहिलं होतं?”

“नोडी, बघा सर,” ती म्हणाली, “काही लोक ऑफिसात नकाशा बघून एस्टिमेट करतात. मी सुम्ने, उगाच, लिहीत नाही. आधी चालते, मग लिहिते. तो रस्ता मी दोनदा चालले. लोखंडी सळई घेऊन. ओढ्याच्या अलीकडे सळई टणक लागली. खड्डा काढून बघितला, खाली ओळीने विटा. विजेच्या केबलवर विटा अंथरतात, खणणाऱ्याला कळावं म्हणून. तिथे मी हातानं खणा असं लिहिलं.”

तिची साइटची वही ऑफिसात होती. लॅपटॉप कंपनीचा. दोन्ही बुधवारीच काढून घेतले होते. तिच्याजवळ कागदाचा एक चिटोरा नव्हता. तपास अधिकाऱ्यापुढे निरपराध माणूस बहुतेक वेळा असाच रिकाम्या हातांनी उभा असतो. पण खोटं बोलणाराही तसाच उभा असतो, म्हणून मी तसाच परत आलो.

शुक्रवारी दोन गोष्टी झाल्या. माझ्या एका वरिष्ठांचा निरोप आला की प्रकरण सरळ आहे, सोमवारी बाईला अटक दाखवा. आणि मॅनेजरने तिच्या थोरल्या भावाकरवी एक टाइप केलेला कागद घरी पाठवला. ‘केबलची नोंद माझ्या नजरचुकीने राहिली’ एवढंच वाक्य. सही केली तर कंपनी वकील देणार, जामीन करणार, नोकरी ठेवणार. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं आणि वांग्याकडून पोच घ्यायची.

भावाचा मला फोन आला. तो रडकुंडीला आला होता. “सर, तुम्ही तरी सांगा तिला. कलम जामिनाचं आहे. सही करून मोकळी होईल. अम्माचं औषधपाणी तिच्याच पगारावर चालतं.”

मी फोन तिला द्यायला सांगितलं आणि खरंच विचारलं, सही का करत नाही.

“विसरले असते तर केली असती सर,” ती म्हणाली. “त्या माणसाच्या बायकोच्या पाया पडून केली असती. मी विसरले नाही. माझ्या नावावर एक मृत्यू लिहिला की या धंद्यात मला पुन्हा कोण उभं करेल? आणि मशीन लावणारा मोकळा सुटेल. अटक करायची तर करा. सही नाही.”

मी फोन ठेवला. अटकेचा मेमो टाइप होऊन माझ्या टेबलावर होता. त्यावर माझी सही तेवढी बाकी होती.

शनिवारी आमचा स्टेशन रायटर, म्हणजे ठाण्याचे कागद लिहिणारा हवालदार, केस डायरीसाठी फाइलचा कन्नड गोषवारा काढत बसला होता. हा गडी तीन वर्षांपासून हिनकलला घर बांधत होता. घर छपरापर्यंत काही पोहोचत नव्हतं, पण वाळू, सिमेंट, वीट यांचे भाव त्याला तोंडपाठ. आरोपीचं नाव विसरेल, विटेचा भाव विसरणार नाही, अशी आम्ही त्याची थट्टा करायचो. त्याने मान वर केली.

“सार, फायबरच्या कामाला विटा कशाला?”

“कुठल्या विटा?”

“शेवटच्या पानावर सामानाची यादी आहे. पाइप, जोडणीचं सामान, काँक्रीटच्या तयार पेट्या, आणि विटा दोनशे वीस. एवढ्यात भिंत होत नाही, पायरी होत नाही. मी तर कंपाउंडलाच...”

त्याचं कंपाउंड मी ऐकलं नाही. शेवटचं पान हातात घेतलं. ते पान मी पाच वेळा पाहिलं होतं. दर वेळी सही बघितली, शिक्का बघितला आणि फाइल मिटली. वरची यादी एकदाही वाचली नव्हती. तीस वर्षांचा तपासाचा अनुभव म्हणे.

मी फाइल ठाण्यातच ठेवली, महिला शिपाई आणि रायटरला घेतलं आणि अग्रहारात गेलो. बाईला काहीही न दाखवता विचारलं, “तुमच्या एस्टिमेटमध्ये विटा होत्या का? किती?”

तिने क्षणभरही विचार केला नाही. “दोनशे वीस. ओढ्याजवळ पंचेचाळीस मीटर केबल आपल्या रस्त्यात येते. हातानं खणताना वरच्या विटा निघतात, पाइप टाकून झाल्यावर परत अंथरायच्या असतात. एक वीट नऊ इंच. पंचेचाळीस मीटरला दोनशे. वीस फुटतात.”

रायटरने बोटांवर हिशेब केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. “बरोबर आहे सार. वीस फुटतातच.”

रविवारी आम्ही महजर केला. महाराष्ट्रात याला पंचनामा म्हणतात. वीज खात्याने लाइन बंद केली, दोन पंच उभे केले आणि अपघाताच्या जागेपासून हाताने माती काढायला लावली. अडीच फुटांवर विटांची ओळ लागली. टेपने मोजली. फायबरच्या वाटेत ती पंचेचाळीस मीटरला काही बोटं कमी होती. एका ठिकाणी माती भुसभुशीत होती, खड्डा काढून परत भरल्यासारखी, आणि तिथल्या दोन विटांवर सळईचे टोचे होते.

सोमवारी, म्हणजे ज्या दिवशी बाईला अटक व्हायची होती त्या दिवशी, मी मॅनेजरला बोलावलं. खुर्ची दिली, कॉफी मागवली. पहिली दहा मिनिटं त्यालाच बोलू दिलं. खोटं बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नसतं, तो स्वतःच्याच पायात दोर गुंडाळत जातो. मग शेवटचं पान पुढे ठेवलं.

“या विटा कशासाठी?”

त्याने पाहिलं. त्या ओळीकडे तो पहिल्यांदाच बघतो आहे हे मला त्याच्या भुवयांवरून कळलं.

“त्या चेंबरसाठी साहेब. जोडणीची चेंबरं बांधावी लागतात ना.”

मी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. चेंबरसाठीच काँक्रीटच्या तयार पेट्या, बारा.

“मग फुटपाथच्या दुरुस्तीला.”

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. फुटपाथच्या फरशा.

कॉफीवर साय आली. मग तो एकदम पुढे वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, “साहेब, आपण दोघं मराठी माणसं. परक्या मुलखात आपणच एकमेकांना...”

“हा माझा मुलूख आहे,” मी म्हटलं. “आणि ती बाईसुद्धा मराठीच आहे. पहिल्याच दिवशी तिनं मला मराठी बोलू दिलं नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून दुसरं काही बोललाच नाहीत.”

त्यानंतर खरं काय ते निघालं. हाताने खणायला अकरा दिवस लागणार होते. मशीनला एक दुपार. अकरा दिवस लावले असते तर काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं असतं. त्याने चौथं पान नव्याने टाइप केलं, ‘हाताने’च्या जागी ‘मशीन’ घातलं, केबलची ओळ उडवली. शेवटचं पान मात्र बदलता येईना, कारण त्यावर बाईची सही होती आणि बदललेल्या एस्टिमेटवर ती सही करणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या ऑफिसात सही फक्त शेवटच्या पानावर करायची पद्धत होती. वरची यादी त्याने वाचली नाही. तो कधी रस्ता चाललेला नव्हता. दोनशे वीस विटा कुठल्या जमिनीखाली जातात हे त्याला माहीत असतं, तर त्याने त्या खोडल्या असत्या.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात उभा राहत नाही, म्हणून त्याच दिवशी ऑफिसचा कॉम्प्युटर जप्त केला. नवं चौथं पान त्यात सापडलं, बाईच्या सहीनंतरच्या तारखेचं. जुनंही सापडलं. त्यात तिची ओळ होती: ओढ्याजवळ पंचेचाळीस मीटर, विजेची केबल, मशीन लावू नये. ती ओळ मी त्या रायचूरच्या माणसाच्या बायकोला कन्नडात वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे कुणाला तरी माहीत होतं.”

माझे वरिष्ठ खूश नव्हते. आरोपपत्रात मॅनेजरचं नाव गेलं आणि तीन आठवड्यांनी मी रेकॉर्डच्या कपाटांमध्ये बदलून गेलो. योगायोग म्हणा. मी तक्रार केली नाही, आणि माफीही मागितली नाही. अटकेचा तो मेमो मी सगळ्यांसमोर फाडला होता, तो आजही फाडेन. खालच्या कोर्टात मॅनेजरला शिक्षा झाली. अपील चालू आहे. चालू दे.

आता या प्रकरणाने काय शिकवलं, हे सांगायची वेळ. साक्षीपुरावा, चिकाटी वगैरे व्याख्यानात सांगतात, ते तुम्ही तिथे ऐका. मला जे शिकायला मिळालं ते लाजिरवाणं आहे. निरपराधपणाचा पुरावा चार दिवस माझ्या टेबलावर पडला होता आणि मी फक्त सही बघत होतो. सही बघायला पोलीस लागत नाही, बँकेतला कारकूनही बघतो. त्या बाईने मान तुकवली असती तर शनिवारपर्यंत फाइल बंद झाली असती आणि त्या विटा कोणी मोजल्या नसत्या. तिचा ‘नाही’ माझ्या आंधळेपणापेक्षा एक दिवस जास्त टिकला, म्हणून ती सुटली. श्रेय मला देऊ नका. रायटरला थोडं द्या. त्याच्या घरावर आता छप्पर आहे.

एक प्रसंग राहिला. मॅजिस्ट्रेटपुढे तिचा जबाब झाला. सात पानं. कारकुनाने शेवटचं पान पुढे केलं आणि म्हणाला, “इथं सही करा अम्मा, झालं.” तिने सगळा गठ्ठा आपल्याकडे ओढला. पहिल्या पानापासून एकेक पान वाचत, प्रत्येकाच्या खाली सही करत गेली. कारकून घड्याळ बघत होता, बाहेर पुढची केस खोळंबली होती. ती थांबली नाही. सातवं पान झाल्यावर तिने गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच मराठीत बोलली.

“आता एखादं पान बदलून दाखव म्हणावं कुणालाही.”

ती आज अग्रहारातल्या त्याच घरातून स्वतंत्र काम करते. रस्ता चालल्याशिवाय एस्टिमेट देत नाही आणि एकही पान सहीशिवाय सोडत नाही. निवृत्त होईपर्यंत मीही सोडलं नाही. हा लेख संपादकांकडे देतानाही प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. शुद्धलेखन सुधारा, जागा कमी पडली तर माझे घोडदळातले पूर्वज खुशाल काढा. विटांना हात लावू नका.